आकडा लिहिण्याआधी ठसा बघ

चि. मुक्ता हिस,


दिवसभर रॉकवेलच्या हार्डनेस मशीनवर जॉब लावायचे आणि रजिस्टरात आकडे भरायचे, यासाठीच मेटलर्जी केली का, असं तू फोनवर विचारलंस. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून लिहायला बसलो. हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये तुला मिळालंय त्याहून जबाबदारीचं काम मला माहीत नाही. भट्टीतून निघालेला पिनियन बरोबर झालाय की बिघडलाय, हे बघून कुणालाच सांगता येत नाही. ते पहिल्यांदा कळतं तुझ्या टेबलावर, आणि तिथे हुकलं तर थेट कुणाच्या तरी गिअरबॉक्समध्ये कळतं.

रॉकवेलच्या सी स्केलवर आपण नेमकं काय मोजतो, ते एकदा कागदावर मांड. आधी 10 किलोचा मायनर लोड. त्याने हिऱ्याचा शंकू पृष्ठभागाच्या खडबडीतून उतरून टेकतो, जॉब ॲन्व्हिलवर बसतो, आणि तिथे आपण शून्य धरतो. मग मेजर लोड धरून एकूण 150 किलो. मग मेजर काढायचा, मायनर तसाच ठेवायचा, आणि शंकू कायमचा किती खाली गेला ते वाचायचं. दर दोन मायक्रॉनला एक पॉइंट, शंभरातून वजा. म्हणजे तू 60 एचआरसी लिहितेस, तेव्हा शंकू जेमतेम 80 मायक्रॉन उतरलेला असतो.

आता जॉबच्या बुडाला ऑक्साइडची बारीक पापडी राहिली आणि दाबाखाली ती दहा मायक्रॉन दबली, असं धर. मशीनला हे कळायला मार्ग नाही. तिच्या लेखी शंकूच तेवढा खाली गेला. पाच पॉइंट गेले. 60 चा जॉब 55 दाखवतो, लॉट रिजेक्ट होतो, भट्टीवाल्याला बोलणी बसतात, पुन्हा हार्डनिंग होतं, आणि दुसऱ्यांदा तापवताना जॉब वाकतो तो वेगळाच. हे सगळं एका पापडीपायी. म्हणून जॉब लावण्याआधी वरून एमरी मारतेस तशी खालची बाजूही पुसत जा, आणि ॲन्व्हिलवरून बोट फिरव. शंकू किंवा ॲन्व्हिल बदलला असेल तर पहिली दोन रीडिंग सोडून दे. त्यांत नवा भाग बसत असतो. गोल पिन व्ही ब्लॉकवर लावलीस तर बाहेरून फुगीर पृष्ठभाग आकडा कमी दाखवतो, त्याची दुरुस्ती तक्त्यातून मिळवायची. आणि जुन्या ठशाला खेटून नवा ठसा कधी मारू नकोस. तिथला धातू आधीच दबून बदललेला असतो. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या रुंदीच्या तिप्पट तरी अंतर हवं.

रॉकवेलची ही पद्धत घाईतूनच जन्मली, हे लक्षात असू दे. अमेरिकेत कनेटिकटमधल्या बेअरिंगच्या कारखान्यात ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल यांना बेअरिंगच्या रिंगांवर हीट ट्रीटमेंट कशी झाली ते झटपट तपासायचं होतं. 1914 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1919 साली ते मिळालं. स्वीडनच्या ब्रिनेलची पद्धत त्याआधीपासून, म्हणजे 1900 पासून होती. पण तिच्या गोळ्याचा ठसा मोठा आणि कडक स्टीलला तो गोळा चालेना. ठसा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा, मग तक्ता बघायचा, हेही उत्पादनाच्या वेगाला परवडत नव्हतं. रॉकवेलने ठशाची रुंदी सोडून खोली धरली, म्हणून काट्यावर थेट आकडा आला. वेग मिळाला, पण ठसा डोळ्यांनी बघायची सवय गेली. ती तू लाव. प्रत्येक लॉटमधला निदान एक ठसा भिंगाखाली धर. कडा स्वच्छ आहेत का, ठसा गोल आहे की एका बाजूला कललाय, भोवती तडा गेलाय का, हे आकड्यात कुठेच येत नाही.

नायट्रायडिंगच्या बाबतीत तर फारच जप. एका ग्राहकाने शाफ्टचा आख्खा लॉट मऊ म्हणून परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे. त्यांनी सी स्केलवर तपासला होता. वरचा कडक थर होता 0.3 मिलिमीटरचा. नियम असा की ज्या थराचा हार्डनेस मोजायचा, तो शंकूच्या खोलीच्या दहापट तरी जाड हवा. 80 मायक्रॉनला 0.8 मिलिमीटर. 150 किलोखाली तो पातळ थर खालच्या मऊ गाभ्यासकट दबला आणि आकडा दोघांचा मिळून आला. आम्ही एक शाफ्ट कापून व्हिकर्सवर लावला, तर थर जसा हवा तसाच निघाला. लॉट ग्राहकाकडे परत गेला, पण मधल्या दिवसांत भट्टीवरच्या माणसांनी विनाकारण जे ऐकून घेतलं, त्याची भरपाई कुणी केली नाही. ड्रॉइंगवर स्केल चुकीचा दिसला तर तपासण्याआधी विचार. नवीन मुलीने विचारू नये, असं काही नसतं.

व्हिकर्स तुला आवडेल. 136 अंशांचा हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड, हवा तितका हलका लोड, आणि ठशाचे दोन्ही कर्ण तुझ्या डोळ्यांनी मोजायचे. कार्ब्युराइज केलेल्या जॉबची केस डेप्थ काढताना तो कापून, मोल्ड करून, पॉलिश करून कडेपासून आत आत ठसे मारत जायचं आणि 550 एचव्हीला थांबायचं. एक किलोच्या लोडला 700 एचव्हीचा कर्ण साधारण 51 मायक्रॉन असतो. तिथे तुझी रेघ एक मायक्रॉन सरकली की सत्तावीसेक अंकांचा फरक पडतो. म्हणून पॉलिश आळसावलेलं नको आणि डोळे थकलेले असताना ठशांचा हा ट्रॅव्हर्स लावू नकोस.

ब्रिनेलला जुनाट समजू नकोस. कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये बिडाच्या कास्टिंगला अजून तोच लागतो, आणि तो योग्यच आहे. बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या विखुरलेल्या असतात. बारीक टोक एखाद्या पाकळीवर पडलं तर एक आकडा, शेजारी पडलं तर दुसरा. 10 मिलिमीटरचा गोळा 3000 किलोने दाबला की सगळं मिळून सरासरी येते. ठशाचा व्यास 4 मिलिमीटर आला तर 229; 4.1 आला तर 217. म्हणून व्यास दोन काटकोनांत मोजायचा.

तुमच्या भट्टीवर एखादे जुने काका कानस घेऊन हिंडत असतील. त्यांच्याकडून शिकून घे. कानस घसरली तर कडक, धरली तर मऊ. लोहार कुऱ्हाडीला पाणी देऊन हेच बघतो. तुझा शंकू एका ठिपक्यावर बसतो, काकांची कानस गिअरच्या दाताच्या आख्ख्या कडेवरून फिरते. कार्बन जळून वरची पातळ साल मऊ झाली असेल, तर शंकू ती भेदून पलीकडे जातो आणि तुला पत्ताही लागत नाही. कानस तिला लगेच पकडते. बास्केटमध्ये कुठला जॉब कुठे होता, तेल तापलं होतं का, हेही त्यांनाच ठाऊक असतं. आकडा कमी आला की आधी त्यांच्याकडे जा, मेल नंतर कर.

आणखी एक. हार्डनेस बरोबर आला म्हणजे जॉब चांगला, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. निकेल-क्रोमचं स्टील टेम्परिंगनंतर 575 ते 375 अंशांच्या पट्ट्यातून रेंगाळत गार झालं तर ते ठिसूळ होऊ शकतं, आणि रॉकवेलवर काटा तिथेच राहतो. ते चार्पीच्या हातोड्यालाच कळतं. जे मोजलं नाही, त्याची हमी तुझ्या सहीने जाऊ देऊ नकोस.

महिनाअखेरीस गाडी दारात उभी असते, ड्रॉइंगवर किमान 58 असतं आणि तुझ्याकडे 57 येतं. कुणीतरी मागून म्हणतं, अर्धा-एक पॉइंट काय धरायचा. अशा वेळी वाद घालू नकोस. टेस्ट ब्लॉक लाव, मशीन बरोबर आहे हे दाखव, त्याच जॉबवर आणखी रीडिंग घे आणि आलं ते सगळं लिही. 57 तर 57. ग्राहकाला कळवून सवलतीने माल घ्यायचा की नाही, हा निर्णय वरचे घेतील, तो त्यांचा अधिकार. रजिस्टरातला आकडा मात्र तुझा. तो एकदा हलला की पुढच्या वेळी तुझ्या खऱ्या 58 वरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

टेस्ट ब्लॉकचं रीडिंग रोज सकाळी पहिल्यांदा घे आणि वेगळ्या पानावर तारखेनिशी लिहीत जा. मशीन हळूहळू सरकत असेल तर ते पान आधी सांगेल. ब्लॉकची प्रमाणित केलेली एकच बाजू वापरायची, उलटून कधी वापरायचा नाही. ठशांनी तो भरत आला असेल तर नव्याची मागणी आजच टाक. खर्चाचं कारण सांगतील. ब्लॉक हातात देऊन ठशाला जागा कुठे उरलीय ते विचार.

तुझा,
मामा