झाडीबोली म्हणजे बिघडलेली मराठी का?

प्रश्न : आमच्या घरी ‘पानी’, ‘सेत’, ‘डोरा’ असंच बोलतात. शाळेत हे शब्द चूक ठरतात. इंडोनेशियातल्या मिनांगकाबाऊला कुणी मलयची बोली म्हणतं, तर कुणी स्वतंत्र भाषा. मग आमच्या झाडीबोलीला काय म्हणायचं?
— एक विद्यार्थिनी, लाखनी (जि. भंडारा)

उत्तर : ‘बिघडलेली’ तर मुळीच म्हणू नका. बिघाड कसाही होतो, झाडीबोलीतला फरक नियमाने होतो. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, म्हणून डोळ्याचा ‘डोरा’ आणि काळ्याचा ‘कारा’. वऱ्हाडात त्याच जागी ‘य’ येतो आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. पुणेरी मराठी आधी आणि झाडीबोली तिच्यातून घसरलेली, असं घडलेलं नाही. जुन्या मराठीच्याच या वाटा आहेत.

पश्चिम सुमात्रातही असंच दिसतं. मलयमधला शेवटचा ‘आ’ मिनांगकाबाऊत ‘ओ’ होतो : ‘आपा’ (काय) म्हणजे तिथे ‘आपो’. शेवटच्या ‘आस’चा ‘एह’ होतो, म्हणून तांदूळ मलयमध्ये ‘बरास’ आणि मिनांगकाबाऊत ‘बारेह’. दोघी एकाच मूळ भाषेच्या लेकी. पण गंमत पुढेच आहे. सामुद्रधुनी ओलांडून मलेशियातल्या नेगरी सेम्बिलानमध्ये वसलेल्या मिनांगकाबाऊंची बोली तिथे मलयचीच बोली म्हणून मोजली जाते! भाषा की बोली, हे नुसत्या उच्चारांवर ठरत नाही. राज्य, शाळा, छापखाना आणि बोलणाऱ्यांचं मन, सगळं त्यात येतं.

माझ्या मते झाडीबोली मराठीचीच बोली आहे, कारण झाडीपट्टीतला माणूस लिहितो-वाचतो ते प्रमाण मराठीत आणि स्वतःला मराठीच म्हणवतो. पण बोली म्हणजे दुय्यम नव्हे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं, तिची साहित्य संमेलनंही भरतात. आणि धानाच्या शेतीचं बोलायचं तर पऱ्हे, बांधी, रोवणी, बोडी या शब्दांवाचून भंडाऱ्यात पान हलत नाही.

परीक्षेत प्रमाण मराठी लिहा, ती यायलाच हवी. सोबत एक वही ठेवा आणि आजीच्या तोंडी ‘ळ’चा ‘र’ होतो असे शब्द टिपत चला. जिथे तो होत नाही, ते शब्द वेगळ्या पानावर घ्या. नियम कुठवर चालतो, हे त्या दुसऱ्या पानावरूनच कळेल.