होड्या काढा म्हणालीस ते

पुणे, रविवार रात्र

चि. मनू,


फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला हसवतेस आणि बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र.

शुक्रवारी रात्री हरिपूरहून अक्काचा फोन आला. धाप लागलेली. म्हणाली, "ज्वारीची सहा पोती मी नि सुनेनं माडीवर चढवली. शेजारच्यांनी म्हशी मिरज रस्त्याला नेऊन बांधल्या. आपली मनूच बोलली ना रेडिओवर, कोयनेची दारं उघडली म्हणून!" मग तुझी ती लिंक कुणीतरी मला मोबाइलवर पाठवली. "मंडळी, कोयनाबाईंनी दारं उघडलीत, होड्या काढा आणि गच्चीवर भजी तळायला घ्या!" लगेच पावसाचं गाणं.

त्या दिवशी आयर्विन पुलाशी पाणी होतं २२ फूट. इशारा ४० ला, धोका ४५ ला. सांगलीच्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं, तुला मी सांगावं?

होड्या काढा! २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तू माझ्याकडे पुण्याला होतीस. म्हणून ते पाणी तुला टीव्हीतलं वाटतं का गं? ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटली, तेव्हा टीव्ही बंद कर म्हणून तूच रडली होतीस. त्या गावातही तुझं स्टेशन लागत असेल, मनू.

खाजगी एफएमवाल्यांनी आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या त्या जशाच्या तशा, आणि पुराचं काही सांगायचं तर प्रशासनानं दिलेलं तेवढंच, हे तुझ्या साहेबांनी तुला ऐकवलं असेलच. त्या नियमाची काळजी ते करतील. माझ्या डोळ्यांपुढून अक्काची ती पोती हलत नाहीत. सरकारी भोंगा वाजला असता तर ती जागची उठली नसती. तू बोललीस म्हणून उठली.

एक सांगतो, तुझ्या आईलाही ठाऊक नाही. मी रेडिओवर नैमित्तिक निवेदक होतो तेव्हाचं. फर्माइशीची कार्डं पावसाळ्यात कमी यायची. गाण्याआधी नावांची यादी लांबलचक वाचली की कार्यक्रम भरल्यासारखा वाटे, म्हणून दोन-चार नावं मी मनचीच घालायचो. एकदा अशाच एका नावापुढे 'जत' जोडलं. चौथ्या दिवशी फाटकाशी एक बाई. पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्याच नावाचा तिचा पोरगा दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला. "कार्ड दावा, अक्षर वळखंन मी," म्हणाली. कार्डं आम्ही फाडून टाकतो, असं मी तिला सांगितलं. खरं बोलायची हिंमत झाली नाही. "ऱ्हाऊ द्या. जतात हाय एवढं कळलं, बास झालं," म्हणाली. जतची एसटी कुठून सुटते तेही तिला मीच दाखवलं.

वर्षाच्या आत मी ते काम सोडलं. पैसे पुरत नाहीत, असं घरी सांगितलं. ते कुणाला खोटं वाटलं नाही, कारण खरंच पुरत नव्हते.

असो. फार बोललो. तू काही मुद्दाम केलं नाहीस, मला कळतं. सकाळी साडेपाचला उठून, आदल्या दिवशी कुणाशी भांडण झालेलं असो की ताप असो, फेडर वर केला की हसत बोलायचं, हे किती जड असतं ते मी जाणतो. आणि तुला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी छापील कागद वाचायचो. तू समोर बसल्यासारखी बोलतेस. म्हणून तर काळजी वाटते. पण होड्यांचं नको गं. भज्यांचं हवं तितकं बोल.

रविवारी सुट्टी असेल तर हरिपूरला जा. पोती खाली उतरवायला हात लाव. माफीबिफी मागू नकोस, अक्का उलट गोंधळेल. तिला अजून वाटतंय की तू वेळेवर सांगितलंस. जेवून ये.

काल सकाळी तुझ्या आईला फोन रेडिओशेजारी धरायला लावला होता. अर्धा तास ऐकलं. आवाज बसलाय तुझा. ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवतोय, गालात धरायच्या, चावायच्या नाहीत. स्टुडिओत एसीचा गारठा असणार. आजीची तपकिरी शाल कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, ती नेत जा.

तुझा,
मामा