आखाताची चाकरी : लाभ आणि हानी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आखाताची वाट जुनी आहे. माझे वडील सातवी शिकलेले. कतारमध्ये गवंडीकाम करीत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या मजुराला तिकडे जाण्यापूर्वी सामान्यतः सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तेथे मालकाच्या दाखल्याशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने ही अट २०२० मध्ये काढली. त्याआधीच आजी वारली. वडिलांना रजा मिळाली नाही.

परंतु त्यांच्याच पैशावर घर उभे राहिले, आणि घरातला मी पहिलाच कॉलेजात आलो. तेव्हा नुसता लाभ वा नुसती हानी कशी म्हणावी? जाणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो : एजंटची सरकारी नोंदणी तपासा, करारपत्र स्वतः वाचा. वडिलांनी ते न वाचताच अंगठ्यासारखी सही केली होती.