बुटाच्या आतलं काम

चि. भाऊस,


मारुती 800च्या ड्राइव्ह शाफ्टवरचा बाहेरचा रबरी बूट फाटलाय आणि शाफ्ट उतरवून पुन्हा बसवायचं काम गॅरेजच्या मालकांनी तुझ्या एकट्यावर सोपवलंय, हे वाचून बरं वाटलं. या कामात जोर लागतो तो हब नट सोडवण्यापुरता. बाकी सगळी स्वच्छता, आणि तेच तुला बजावून सांगायचं आहे.

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये गाडी ओढणारी चाकंच वळतात. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरवला, तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा त्याचा वेग कमी-जास्त होतो आणि स्टेअरिंगला हिसके बसतात. बुटाच्या आत असतो तो सीव्ही जॉइंट. त्यातले सहा छर्रे त्या कोनाच्या नेमक्या मध्यावर राहतात, म्हणून चाक कितीही वळलं तरी वेग एकसारखा मिळतो. छर्रे आणि त्यांच्या खाचा एकमेकांत इतक्या अचूक बसतात, की बूट फाटून आत शिरलेली रेती तिथे पॉलिश पेपरचं काम करते.

म्हणून आधी जुनं ग्रीस चिमटीत चोळून बघ. खरखर लागली, तर जॉइंट उघडून रॉकेलने धू, पूर्ण सुकव आणि खाचांवर नख फिरव. खड्डा लागला, किंवा चाक पूर्ण वळवून गाडी चालवताना कट्‌कट् आवाज येत असला, तर जॉइंट गेला. नवं ग्रीस त्याला वाचवणार नाही, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांग. उघडण्यापूर्वी आतली रिंग, छर्रे धरणारी केज आणि बाहेरची वाटी यांवर खुणा कर. प्रत्येक छर्रा आपल्याच खाचेत परत गेला पाहिजे.

हब नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला कर. मग घोड्या लाव. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नकोस. गिअर ऑइल आधी काढ. शाफ्ट लोंबकळत ठेवू नकोस, आतला जॉइंट निसटतो. परत घालताना शाफ्टचे दाते ऑइल सीलला लागू देऊ नकोस. सील कापलं तर ऑइल ठिबकत राहील. आतल्या टोकाला नवा लॉक (सर्कलिप) घाल. तो बसल्यावर टक्‌ होतं. मग शाफ्टला न धरता जॉइंटच्या वाटीला धरून ओढून खात्री कर.

बुटासोबत आलेलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस सगळं भर, साधं ग्रीस चालणार नाही. बुटाची कड उचलून आतली हवा काढ, मगच क्लिप आवळ. हब नट नवाच लाव, टॉर्क पान्याने कस आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच पक्का कर. गिअर ऑइल भरायला विसरू नकोस.

क्लिप आवळली, की आत काय केलंय ते मालकांनाही दिसत नाही आणि गिऱ्हाईकालाही. म्हणून आवळण्याआधी मनात जरा जरी शंका आली, तरी जॉइंट पुन्हा धू. त्यात गेलेला अर्धा तास वाया गेला असं समजू नकोस.

तुझा,
मामा