आगीचा बंब आणि वाचनपाठ

रस्त्यावरून घंटा वाजवीत आगीचा बंब गेला की वर्गातील एकाही मुलाचे लक्ष फळ्यावर राहत नाही. अशा वेळी मुलांना दटावण्यापेक्षा तो बंबच वाचनाचा विषय करणे अधिक फलदायी ठरते.

वाचन म्हणजे केवळ अक्षरांचा उच्चार नव्हे. ‘पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये’ हे वाक्य मूल खडाखडा वाचते; परंतु ‘का?’ असे विचारताच गप्प होते. मग त्याला पुढचा मजकूर वाचू द्यावा : पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, तेथे क्षणात त्याची वाफ होते व ती जळते तेल चहूकडे उडवते, म्हणून प्रथम शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे. पहिल्या वाक्यातील ‘नये’चे कारण मुलाने पुढच्या वाक्यातून स्वतः शोधले, म्हणजे आकलनास आरंभ झाला.

क्रम ओळखण्याचा सरावही असाच घेता येतो. अग्निशामक नळकांडे वापरण्याच्या सूचना चार चिठ्ठ्यांवर लिहाव्यात : पिन ओढावी, नळीचे तोंड ज्वाळांच्या बुडाशी रोखावे, दांडा दाबावा, फवारा दोन्ही बाजूंना फिरवावा. चिठ्ठ्या विस्कटून दिल्या की कोणी तरी दांडा आधी दाबतोच. पिन असेपर्यंत दांडा दाबला जात नाही, हे सोबती त्याला वाचून दाखवतात. शिक्षकाने बोलण्याची गरज उरत नाही.

शब्दांची कुळेही येथे सहज सापडतात. अग्निशमन, अग्निशामक, अग्निरोधक या शब्दांचा पूर्वार्ध एक; उत्तरार्धाने अर्थ बदलतो. (इंग्रजीतील ‘इनफ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारे’ असा करणारे मोठे लोकही आढळतात!)

मोठ्या मुलांसाठी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील दुर्घटनेचा वृत्तांत घ्यावा. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला दुपारी आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती. वृत्तांत येथेच थांबवून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. धोका कोणत्या वाक्यात दडला आहे, त्यावर मुले नेमके बोट ठेवतात. चार वाजून गेल्यावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले; त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो.

लहान मुलांना मात्र असे प्रसंग वाचावयास देऊ नयेत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील शाळेच्या आगीत ९४ बालके दगावली. ती हकीकत शिक्षकांनी वाचावयाची आहे. भेदरलेले मूल वाचत नाही, पान उलटते.

लहानांसाठी अधिक उपयुक्त पाठ घराबाहेरच असतो. १०१ अथवा ११२ हा क्रमांक फिरविल्यावर पहिला प्रश्न येतो तो पत्त्याचा. म्हणून मुलांनी आपल्या गल्लीतील पाट्या वाचून वहीत उतरवून आणाव्यात. कित्येकांच्या गल्लीला पाटीच नसते. ती मुले पिठाची गिरणी, दवाखाना, वळणावरचे दुकान अशी नावे टिपून आणतात, आणि बंब नेमका कोठून वळेल याबद्दल वर्गात वाद सुरू होतो.