आज्ञावली आणि तिची कोठी

बीदर येथील महमूद गवानाचा मदरसा १४७२ साली बांधला गेला. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. पुढे मोगल अमदानीत त्याच वास्तूत दारू साठविण्यात आली आणि १६९६ च्या सुमारास झालेल्या स्फोटात तिचा मोठा भाग ढासळला. कोणती वस्तू कोठे ठेवावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, रचणाऱ्यापुढेही तो उभा राहतो.

भालकी किंवा आळंद येथील एखाद्या शाळेच्या संगणकावर शब्दकोशाची आज्ञावली बसविली आहे, अशी कल्पना करू. मुले आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचे सीमाभागातील शब्द ध्वनिमुद्रित करून त्या कोशात घालतात. हा संग्रह रोज वाढतो. तो कोठे ठेवावा?

येथे दोन भिन्न वस्तू आहेत. आज्ञावली सर्वत्र एकसारखी असते; बिघडली तर पुन्हा बसविता येते. मुलांचा संग्रह मात्र एकमेव आहे; तो नष्ट झाला तर पुन्हा मिळणे नाही. म्हणून दोहोंची जागा वेगळी हवी.

विंडोजमध्ये आज्ञावल्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या कप्प्यात बसतात. तेथे सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याची मुभा नसते. कारण ज्यास तेथे लिहिता येईल, त्यास आज्ञावलीच बदलता येईल. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तेव्हापासून जुन्या वळणाची आज्ञावली तेथे लिहू लागली, तर ते लेखन पुष्कळदा त्या-त्या वापरकर्त्याच्या खासगी कप्प्याकडे नकळत वळविले जाते. मग एकाने नोंदविलेला शब्द त्याच संगणकावर दुसऱ्या खात्याने काम करणाऱ्यास दिसत नाही!

तेव्हा सर्वांचा समाईक संग्रह ‘प्रोग्रामडेटा’ या कप्प्यात ठेवावा आणि आज्ञावली बसवितानाच तेथे सर्वांना लिहिण्याची परवानगी द्यावी. एकट्याची माहिती ‘अ‍ॅपडेटा’त ठेवावी, त्यातही मोठ्या फायली ‘लोकल’ भागात ठेवाव्यात. ‘रोमिंग’ भाग काही संस्थांच्या जाळ्यात वापरकर्त्याबरोबर संगणकासंगणकावर नेला जातो. तेथे मोठे ओझे घातल्यास काम सुरू होण्यासच विलंब लागतो. लिनक्समध्येही हाच विवेक दिसतो. १९९४ च्या प्रमाणरचनेपासून ‘यूएसआर’ ही शाखा स्थिर वस्तूंसाठी, तर ‘व्हार’ ही बदलत्या माहितीसाठी राखली आहे.

संग्रह फारच मोठा होणार असेल, तर तो कोणत्या तबकडीवर ठेवावा हे शाळेलाच ठरवू द्यावे. मुख्य तबकडी भरली की सारा संगणकच अडखळतो. आज्ञावली काढून टाकताना संग्रह न विचारता पुसू नये. आणि संग्रहाची जागा स्पष्ट सांगावी. जागा ठाऊक असेल तरच शिक्षकांना त्याची दुसरी प्रत काढून ठेवता येईल.

तात्पर्य, आज्ञावली तिच्या कर्त्याची, पण संग्रह मुलांचा. जागा ठरविताना हा भेद ध्यानी ठेवला, तर आज्ञावली बदलली तरी आजीचा शब्द नातवंडांच्या कानी पडत राहील.