रवंथ करणाऱ्या जनावरांचें पोट व दुष्काळांतील चारादान

दुष्काळ-निवारणाच्या कामीं जे व्यापारी, बागाईतदार व इतर सद्गृहस्थ कडबा, धान्य किंवा द्रव्य देतात, त्यांच्या औदार्याविषयीं येथें कांहीं सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु दान जसें सत्पात्रीं असावें, तसें तें पात्राच्या पोटास मानवणारेंही असावें. मुक्या जनावरांच्या बाबतींत या दुसऱ्या गोष्टीकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. आमचा धंदा वकिलीचा. पशुवैद्यक हा आमचा विषय नव्हे. तथापि अशिलाची हकीकत समजून घेतल्यावांचून त्याचें काम हातीं घेऊं नये, ही आमच्या धंद्याची शिस्त आहे. आणि येथें तर अशिलाला वाचाच नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं निश्चित केलेली त्याच्या पोटाची हकीकत आम्ही थोडक्यांत मांडीत आहों.

गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांचें पोट चार कप्प्यांचें असतें. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो. त्यास लागूनच जाळीपोट असून त्याचें अस्तर मधाच्या पोळ्यासारखें दिसतें. तिसरें पडदेपोट, त्याचे पोथीच्या पानांसारखे पडदे अन्नांतील पाणी शोषून घेतात. चौथें खरें पोट. आपल्या जठरांतल्यासारखा पाचक रस तेथेंच सुटतो. जनावर चरतांना चारा अर्धवट चावून कोठींत भरतें, आणि मग निवांत बसून तोच घांसाघांसानें तोंडांत आणून पुन्हां चघळतें. धडधाकट जनावर दिवसाकाठीं ६ ते ८ तास असें रवंथ करितें. त्या वेळीं गिळली जाणारी विपुल लाळ क्षारयुक्त असल्यामुळें कोठींतील आंबटपणा आटोक्यांत राहतो.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, कडब्याचा चिवट तंतु पचविणारा रस गाईच्या स्वतःच्या शरीरांत नाहींच. तें काम कोठींत राहणारे सूक्ष्म जंतु करितात. कोठींतील एका मिलिलिटर द्रवांत त्यांची संख्या अब्जावधि असते. ते तंतु आंबवून त्यापासून सौम्य आम्लें तयार करितात. तीं कोठीच्या भिंतींतून रक्तांत जातात आणि जनावराच्या शक्तीचा बहुतेक भाग त्यांतूनच येतो. पुढें हे जंतुही खऱ्या पोटांत जाऊन पचतात व गाईस प्रथिन पुरवितात. म्हणजे चारा घालणारा मनुष्य प्रथम या जंतूंस जेवूं घालतो, आणि ते जंतु गाईस पोसतात. जनावर उपाशी राहिलें म्हणजे हे जंतुही उपाशी मरतात. आणि मग समोर गंज रचला तरी तो पचविणार कोण?

धाराशिव जिल्ह्यांत १९७२ सालचा दुष्काळ वृद्धांच्या अजून स्मरणांत आहे. २०१३ व २०१९ सालीं येथें जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, हें तर सर्वांनीं पाहिलेंच आहे. त्या अनुभवावरून दात्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट धान्याची. उपाशी जनावरास एकदम पीठ, भाकरी किंवा पंगतीचें उरलेलें अन्न पोटभर घालूं नये. पिठूळ अन्न कोठींत झपाट्यानें आंबतें, तीव्र आम्ल सांचतें, तंतु पचविणारे जंतु मरतात, रवंथ थांबतें आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावूं शकतें. २०१३ सालीं आमच्याच घरीं एका खंगलेल्या बैलापुढें दया येऊन घमेलेंभर ज्वारीचें पीठ ठेवण्यांत आलें. त्यानें तें अधाशीपणानें खाल्लें, आणि दुसऱ्या दिवशीं तो उठला नाहीं. ही आमची चूक येथें लिहिण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं; तिच्यामुळें दुसऱ्याचा बैल वांचला तर पुष्कळ झालें.

दुसरी गोष्ट उंसाच्या वाढ्यांची. छावणींत वाढें सुलभ मिळतात, परंतु त्यांतील ऑक्झॅलेट शरीरास लागणारा चुना बांधून ठेवितें, व प्रथिनही त्यांत थोडें असतें. म्हणून केवळ वाढ्यांवर जनावर ठेवूं नये. शाळूचा कडबा व क्षारमिश्रण सोबत द्यावें. चाऱ्यांतील कोणताही पालट आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, म्हणजे जंतूंस नव्या अन्नाची संवय होते.

तिसरी गोष्ट तारेची. कडब्याच्या पेंढ्या तारेनें बांधून पाठवूं नयेत. गिळलेली तार जाळीपोटांत अडकते, आणि जाळीपोट व हृदय यांमध्यें अंतर फार थोडें. तार पुढें सरकून हृदयास टोंचते. प्लास्टिकच्या पिशव्या कोठींत सांचून वाट अडवितात.

चौथी गोष्ट पहिल्या पावसाची. पाण्याच्या ताणानें खुरटलेल्या ज्वारीस फुटलेले कोवळे कोंब जनावरास खाऊं देऊं नयेत. त्यांतील एका द्रव्यापासून कोठीमध्यें हायड्रोसायनिक आम्ल हें जहाल विष मोकळें होतें. दुष्काळ तरून आलेलें जनावर पावसाच्या तोंडावर गमावण्यासारखें दुःख नाहीं.

वाळला चारा अधिक पौष्टिक करण्याचा उपायही आहे. १०० किलो कुट्टीवर ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यांत विरघळवून शिंपडावा व ती २१ दिवस हवाबंद ठेवावी. कोठींतील जंतु त्यांतील नत्रापासून प्रथिन बनवितात. मात्र सुटा युरिया खाण्यांत किंवा पिण्याच्या पाण्यांत आल्यास तो विषच होय; यास्तव हें काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखालींच व्हावें. लहान वासरांस हा चारा घालूं नये.

यावरून दात्यांस आमची विनंती एवढीच कीं, जनावर खंगेपर्यंत वाट न पाहतां दान आधीं द्यावें. धान्यापेक्षां कडबा, पाणी व क्षारमिश्रण द्यावें. आणि पेंढी सुतळीनें बांधावी. चैत्रांत दिलेल्या दहा पेंढ्यांनीं जें जनावर तगतें, तें ज्येष्ठांत दिलेल्या शंभर पेंढ्यांनींही उभें राहील असें नाहीं.